मेकाँगकाठी इंग्रजीचा तास

'चार महिन्यांसाठी लाओसला चालले आहे,' असे मी सांगू लागले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या एका आजींना ते 'लेह' ऐकू आले आणि त्यांनी मला दोन स्वेटर नेण्याचा सल्ला दिला. शेजारच्या काकांना 'लागोस' ऐकू आले; त्यांनी आफ्रिकेतल्या मलेरियाविषयी बजावले. खरा लाओस कोणाच्या मनातच आला नाही. त्यात त्यांचा दोष नाही. चीन, ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या पाच शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेला, समुद्र अजिबात न लाभलेला हा देश आहे. २०१५ सालच्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली ६५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याला जरा वर! आपल्या वडीलधाऱ्यांना मात्र हे नाव ठाऊक असायचे. १९५४ साली नेहरू चीनला जाताना वाटेत लाओसच्या राजधानीत उतरले होते आणि त्याच वर्षी तिथल्या युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्षपदही भारताकडे आले होते.

पण या शांत देशाला एकाएकी इंग्रजीची निकड का वाटावी? लाओसवर १८९३ पासून १९५३ पर्यंत फ्रेंचांचे राज्य होते, तेव्हा शिकलेली माणसे फ्रेंच शिकली. १९७५ साली साम्यवादी राजवट आली आणि हुशार मुले मॉस्कोला किंवा हनोईला जाऊ लागली. १९९७ मध्ये लाओस 'आसियान' या शेजारी राष्ट्रांच्या संघटनेत आला. तिच्या सनदेत कामकाजाची भाषा एकच सांगितली आहे, ती म्हणजे इंग्रजी. त्यातच २०१६ साली अध्यक्षपद लाओसकडे येणार होते. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, तीन-तीन भाषा जाणणाऱ्या अधिकाऱ्यांना पुन्हा बाकावर बसणे भाग पडले. त्यांना शिकवायला जुलै २०१५ मध्ये मी निघाले.

विमान थेट राजधानीत उतरवते, पण मी मुद्दाम बँकॉकहून रात्रीची आगगाडी पकडली. सकाळी नोंग खाय हे थायलंडचे शेवटचे स्टेशन आले. समोर मातकट, रुंद, संथ मेकाँग. तिच्यावरचा पूल ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये बांधून दिला. थायलंडात वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळे पूल ओलांडला की पलीकडच्या टोकाला सगळी वाहने एकमेकांच्या बाजू बदलतात. हा प्रकार पाहताना माझा जीव मुठीत होता. आमचा चालक मात्र केळे खात होता.

व्हिएंतियान ही राजधानी असली, तरी तिची चाल तालुक्याच्या गावाची आहे. भल्या सकाळी भगव्या चीवरातले भिक्खू ओळीने भिक्षेला निघतात आणि बायका दारात गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भाताचे घास घालतात. गावाच्या मध्यभागी पातुसाय नावाची एक भलीमोठी कमान आहे. अमेरिकेने धावपट्टीसाठी दिलेले सिमेंट तिच्यात जिरले, असे सांगतात. म्हणून तिला 'उभी धावपट्टी' असे नाव पडले आहे. जेवणाचे माझे हाल झाले, ते थोडक्यात सांगते. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला आपली वाटते, पण तिच्यातसुद्धा आंबवलेल्या मासळीचा रस असतोच. चिकट भात, केळी आणि आटीव दुधाची कॉफी यांवर मी चार महिने काढले आणि पाच किलो वजन उतरवून आले.

भाषा मात्र पावलोपावली ओळखीची निघाली. रविवारला 'आथित', सोमवारला 'चान', बुधवारला 'फुत', शुक्रवारला 'सुक' म्हणतात. आपले आदित्य, चंद्र, बुध आणि शुक्रच ते. भाषा म्हणजे 'फासा'. लिपीही आपल्याच ब्राह्मीच्या वंशातली आणि वर्णमालेचा क्रमही क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग असाच. मुलांना ती चित्रांवरून शिकवतात: क कोंबडीचा, ख अंड्याचा, आणि ङ चक्क गाईचा! गाईला ते 'ङुआ' म्हणतात. आपल्या अंकलिपीत बिचाऱ्या ङ ला चित्रच मिळत नाही. त्याला इतक्या लांब येऊन घर मिळालेले पाहून मला बरे वाटले.

माझ्या वर्गात चौदा जण होते. जलसिंचन खात्यातले एक अभियंता मॉस्कोत शिकलेले. एक बाई जिल्हा रुग्णालयातल्या वरिष्ठ परिचारिका. दोघे शिक्षण खात्यातले. बाकीचे ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतले. सगळे मला 'आचान' म्हणत. हा शब्द आपल्या आचार्यांचा. आजवर मला कोणी आचार्य म्हटले नव्हते, पुढेही कोणी म्हणेल असे वाटत नाही.

पहिल्याच तासाला 'हाउ ओल्ड आर यू?' हे वाक्य आले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे हा प्रश्न बाईमाणसाला विचारू नये, असे मी समजावू लागले, तो वर्गात चुळबुळ सुरू झाली. वय विचारायचे नाही, तर बोलायचे कसे? लाओ भाषेत समोरचा वयाने मोठा की धाकटा हे कळल्यावाचून तोंडच उघडता येत नाही. मोठा असला तर 'आय', धाकटा असला तर 'नोंग'. आपल्याकडे खेड्यात 'आय' म्हणजे आई. तिकडे 'आय' म्हणजे थोरला भाऊ! अखेर मी माझी सत्तेचाळीस वर्षे जाहीर केली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्याहून थोरले असे एकटेच निघाले. ते बावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून सगळा वर्ग त्यांना जे म्हणे तेच मीही म्हणू लागले. त्या बुटक्या, रापलेल्या, अतिशय मितभाषी गृहस्थांना मी या लेखातही 'आय' असेच म्हणणार आहे.

आता खरी अडचण सांगते. लाओ भाषेत क्रियापदाला काळ चिकटत नाही. 'मी काल जा, मी आज जा, मी उद्या जा' एवढ्यावर भागते. काम पुरे झाले असेल तर शेवटी 'लेओ' हा शब्द जोडायचा, की 'झाले' असा अर्थ मिळतो. त्यामुळे माझी मंडळी प्रत्येक वाक्याला 'ऑलरेडी'चे शेपूट लावीत. 'आय ईट ऑलरेडी.' 'माय फादर डाय ऑलरेडी.' दुसरी अडचण उच्चाराची. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजने एकत्र आली, तर लाओ जिभेला ती पेलत नाहीत, आणि शेवटचे एकटे व्यंजनही ओठांआड अर्धवट राहते. म्हणजे भूतकाळ दाखवणारा शेवटचा 'ड' किंवा 'ट' कष्टाने पाठ करावा आणि बोलताना तो नेमका गिळला जावा!

बालवाचनातले कुत्र्यामांजरांचे धडे मी दुसऱ्याच दिवशी मिटून ठेवले. ज्याने धरणाची दारे बसवली आहेत, त्याच्याकडून 'हे मांजर आहे' असे वीस वेळा वदवून घेणे मला पटत नाही. प्रौढ माणसाला परभाषेत व्याकरणापेक्षा लाज अधिक छळते. आपल्या भाषेत ज्याच्या शब्दाला मान आहे, तो इथे चार वर्षांच्या पोराएवढे बोलतो. म्हणून मी सांगितले, 'आपापल्या कामातली एक वस्तू आणा आणि तिच्याविषयी बोला.' परिचारिकाबाईंनी रक्तदाबाचे यंत्र आणले. अभियंत्यांनी कालव्याचा नकाशा आणला. आय यांनी खिशातून एक चमचा काढला.

चमचा ॲल्युमिनियमचा, हलका, साधा. 'धिस स्पून, बॉम,' ते म्हणाले. त्यांच्या शियांग ख्वांग प्रांतातल्या नाफिया गावात जुन्या युद्धसामग्रीचा धातू वितळवून, मातीच्या आणि राखेच्या साच्यात ओतून असे चमचे करतात. वर्गातल्या कोणालाच त्याचे नवल वाटले नाही. नवल मलाच वाटले.

त्या रविवारी मी 'कोप' या संस्थेचे प्रदर्शन पाहून आले. बॉम्बने हातपाय गेलेल्यांना ही संस्था कृत्रिम अवयव मिळवून देते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६४ पासून १९७३ पर्यंत, अमेरिकन विमानांनी लाओसवर ५ लाख ८० हजार फेऱ्या करून वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. नऊ वर्षे दर आठ मिनिटांना एक विमानभर, असा त्याचा हिशेब पडतो. त्यांत टेनिसच्या चेंडूएवढे २७ कोटी लहान बॉम्ब होते. तिथले लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते शेतात, शाळेच्या मैदानात, बांबूच्या बेटात निपचित पडून राहिले. कुदळ लागली की फुटतात. पोराने चेंडू समजून उचलला की फुटतात.

आय यांचे काम ते शोधून काढण्याचे होते. जमिनीवर धातुशोधक यंत्र इंचाइंचाने फिरवायचे, आवाज आला की खूण करायची, हाताने माती बाजूला करायची आणि सापडलेला बॉम्ब जागच्या जागी उडवून द्यायचा. त्यांच्या प्रांतातल्या रांजणांच्या पठारावर पाहुण्यांसाठी खुणेच्या फरशा बसवल्या आहेत. एक बाजू पांढरी, एक तांबडी. पांढऱ्या बाजूला जमीन आतपर्यंत तपासलेली. तांबड्या बाजूला नुसती वरवर. माणसाने पांढऱ्या बाजूनेच चालावे.

आणि इथेच तो गिळलेला 'ड' आडवा येत होता. 'क्लिअर' हा त्यांच्या धंद्यातला मुख्य शब्द. जमीन साफ करतो आहोत, साफ केली, साफ करणार आहोत, या सगळ्यासाठी आय यांचे एकच वाक्य: 'वी क्लिअर.' त्यातला 'ल'ही नीट न निघून ते 'वी किया' असे ऐकू येई. ('किया' म्हणजे हिंदीत 'केले', असे मी सांगितले तेव्हा ते पोटभर हसले.) पण त्यांना इंग्रजी शिकण्याची ओढ का होती, ते त्यांनी एकदा तास सुटल्यावर सांगितले. दुभाषाचे काम आमच्या अभियंत्यांनी केले. परदेशी पाहुणे नकाशा घेऊन आले होते. एका शाळेमागच्या रानावर बोट ठेवून त्यांनी विचारले. 'वी क्लिअर,' आय म्हणाले. म्हणजे 'काम चालू आहे.' पाहुण्यांनी 'क्लिअर' लिहून घेतले, म्हणजे 'निर्धोक.' दुसऱ्या दिवशी छायाचित्रे काढायला ते सरळ त्या रानाकडे निघाले. गुरे राखणाऱ्या एका मुलाने आरडाओरडा केला म्हणून थांबले.

'मुलगा लाओ भाषेत ओरडला,' आय म्हणाले. 'ते त्यांना कळले. माझे इंग्रजी कळले नाही.'

तेव्हापासून भूतकाळाचा प्रत्यय हा आमच्या वर्गात व्याकरणाचा विषय राहिला नाही. शेवटचा 'ड' नुसता म्हणून निघत नाही हे मी पुष्कळ पाहिले होते. पण त्याच्यापुढे स्वराने सुरू होणारा शब्द ठेवला, तर 'ड' त्या स्वरावर जाऊन बसतो आणि आपोआप उच्चारला जातो. 'क्लिअर्ड' अवघड; 'क्लिअर्ड इट' सोपे, कारण ते 'क्लिअर-डिट' होते. 'चेक्ट इट', 'मार्क्ट इट' यांचेही तसेच. मग नियम केला: झालेल्या कामाच्या वाक्यात 'इट' आलाच पाहिजे. अभियंते टेबलावर ताल धरीत आणि चौदा प्रौढ माणसे 'डिट, डिट, टिट' करीत. शेजारच्या वर्गातून एकदा शिपाई चौकशीला आला. जे चालू आहे त्याला 'स्टिल', जे व्हायचे आहे त्याला 'नॉट यट'. 'नॉट यट' त्यांना ताबडतोब जमले. त्या अर्थाचा त्यांचा आपला शब्द आहेच.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचा चातुर्मास संपला. आश्विन पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागिरी. त्या रात्री मेकाँगच्या काठी उभे राहायला जागा नव्हती. केळीच्या खोडाच्या चकतीवर पाने दुमडून केलेल्या होड्या, त्यांत झेंडूची फुले, उदबत्त्या आणि मेणबत्ती. ज्याने त्याने आपली होडी हातात धरून काही पुटपुटायचे आणि पाण्यात सोडायची. परिचारिकाबाईंनी माझ्यासाठी एक आणली होती. घरी दिवाळीची साफसफाई सुरू झाली असेल, फराळाचे डबे यंदा सासूबाईंना एकटीने भरावे लागतील, असे मनात येत होते. मी झेंडूकडे पाहून 'गोंडा' म्हटले, बाईंनी त्यांचे नाव सांगितले, आणि पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघी नुसत्याच उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी होड्यांच्या शर्यती झाल्या. त्यांचा गोंगाट अजून कानात आहे.

नोव्हेंबरात परीक्षा म्हणून मी एक खोटी बैठक भरवली. अभियंते परदेशी पाहुणे झाले, नकाशा त्यांचाच. आय उभे राहिले. कपाळावर घाम, हातात काठी. पाहुण्यांनी मुद्दाम घाईघाईने विचारले, 'इज धिस एरिया क्लिअर?' आय एकदम बोलले नाहीत. काठी एका चौकोनावर ठेवून म्हणाले, 'धिस वन, वी क्लिअर्ड इट.' मग दुसऱ्यावर: 'धिस वन, वी चेक्ट इट ऑन टॉप. अंडर, नॉट यट. यू डोंट वॉक.' शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या जरबेने उच्चारले की अभियंते खरोखरच एक पाऊल मागे सरले. व्याकरणात गुण कापण्याजोगे बरेच होते. मी पैकीच्या पैकी दिले.

निरोपाला त्यांनी 'बासी' केली. माणसाच्या अंगी बत्तीस प्राण असतात, प्रवासाला निघताना ते इकडेतिकडे भटकतात, म्हणून त्यांना बोलावून मनगटाशी बांधून ठेवायचे, अशी समजूत. चौदा जणांनी चौदा पांढरे दोरे बांधले. ते निदान तीन दिवस ठेवायचे आणि नंतरही कात्रीने कापायचे नाहीत, गाठ सोडवायची. मुंबईच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने 'कुठल्या देवाचे?' असे विचारले. मी 'विद्यार्थ्यांचे' म्हणून सांगितले.

२०१७ च्या मार्च महिन्यात दूरध्वनीवर आय यांचे एक छायाचित्र आले. कौलारू शाळा, तिच्यामागे मोकळे मैदान, धुळीत पळणारी पाचसात पोरे. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या: 'द फील्ड बिहाइंड स्कूल, वी क्लिअर्ड इट. चिल्ड्रन प्ले ऑलरेडी.'