सभेवाचून द्यूत

कोजागिरीच्या रात्री सोंगट्यांचा पट अंथरावयाचा, ही आमच्या घरची चाल फार जुनी आहे. त्या रात्री लक्ष्मीची पूजा करून अक्षक्रीडेने जागरण करावे, असे व्रतात सांगितलेलेच आहे; आणि शास्त्राची इतकी गोड आज्ञा मोडण्याचे धैर्य आमच्या घराण्यात आजवर कोणास झाले नाही. पट तांबड्या कापडाचा, आमच्या आजीच्या हातचा. डाव लावावयाचा तो चिंचोक्यांचा. वडिलांचे दंडक दोनच होते. पटाजवळ पैसा आणावयाचा नाही, आणि खेळ चालू असेतोवर ओसरीवरचा दिवा मालवावयाचा नाही. पहिल्या दंडकाचा अर्थ आम्हांस लहानपणीच कळला होता. दुसऱ्याचा अर्थ कळावयास वयाची पासष्टी उलटावी लागली, आणि त्याचे मोलही बरेच पडले. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमचे वास्तव्य रहिमतपुरास, वडिलार्जित घरात. थोरले बंधू, त्यांचे पुत्र व नातवंडे आणि आम्ही उभयता असे एकत्रच राहतो. आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, संस्कृत मात्र वडिलांपाशी झाले. आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले आणि आता निवृत्तिवेतनावर चालले आहे. हे वेतन बँकेत जमा होते, आणि अलीकडे बँक मोबाईलमध्ये आली आहे. बारीक अक्षरे आम्हांस दिसत नाहीत. म्हणून विजेचे देयक भरणे, औषधवाल्यास पैसे पाठविणे, बँकेचे निरोप वाचून दाखविणे ही कामे दादांच्या थोरल्या नातवाकडे आली. मुलगा एकवीस वर्षांचा, साताऱ्यास अभियांत्रिकी शिकणारा, गणितात हुशार. खात्याचा गुप्त आकडा आम्हीच त्यास सांगितला होता. घरच्या मुलापासून लपवावयाचे काय?

२०२५ च्या उन्हाळ्यात क्रिकेटचे सामने सुरू झाले, तेव्हा हा मुलगा रोज दोन्ही संघांतून अकरा खेळाडू निवडी, त्यांवर थोडे पैसे लावी, आणि त्यांच्या धावांवर व बळींवर त्यास गुण मिळत. एके दिवशी चार हजार दोनशे रुपये मिळाले. त्यातून त्याने आजीस लुगडे आणले आणि आमच्या चष्म्यास नवी चौकट बसवून दिली. आम्ही विचारले, “अरे, हा जुगार तर नव्हे?” तो म्हणाला, “नाही अण्णाआजोबा, यात अभ्यास लागतो. कोर्टानेच सांगितले आहे.” आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बुद्धी असावी तर अशी, असे चारचौघांत बोललो. वाचकहो, या कथेतला पहिला दोष त्या मुलाचा नव्हे. तो आमच्या त्या शाबासकीचा आहे.

आषाढात आम्ही पासबुक भरून घ्यावयास बँकेत गेलो. यंत्रातून पान छापून आले ते शेवटपर्यंत भरलेले. पाचशे, दोन हजार, पुन्हा पाचशे, मग पाच हजार. आणि वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची. घरी येऊन बेरीज केली. एक लक्ष शाहाऐंशी हजार रुपये गेले होते. मुलास समोर बसविले, तेव्हा त्याने काही लपविले नाही. अकरा खेळाडूंच्या खेळात हरलेले भरून काढण्यासाठी तो परदेशातून चालणाऱ्या एका पैजेच्या ठिकाणी गेला; तेथे चेंडूगणिक पैज लागे. बँकेचे निरोप येत, ते तो पुसून टाकी. “सगळे परत आणून ठेवायचे आणि मग सांगायचे, असे रोज ठरवीत होतो,” एवढे म्हणून तो रडू लागला.

दादांचा संताप अनावर झाला. याला पोलिसांत द्यावा, नाही तर घराबाहेर काढावा, असे ते म्हणाले. मुलाच्या आईने दोन दिवस अन्न घेतले नाही. आम्हांस मात्र एकच प्रश्न पुनःपुन्हा पडे: दहा माणसांच्या घरात, ज्याच्या खोलीस कडीसुद्धा नाही अशा मुलाने तीन महिने जुगार खेळावा, आणि कोणास पत्ता लागू नये, हे झाले कसे? पंतोजीस उत्तर सुचेना की तो पुस्तके काढतो. आम्हीही तेच केले.

जुगाराच्या व्यसनाचे ज्ञान आपल्या पूर्वजांस कमी नव्हते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचेच आहे. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, कोणी उसने देत नाही, तरी फाशांचा आवाज कानी येताच पाय तिकडे वळतात, असे त्याचे दुःख आहे. राजाने काय करावे, याविषयी मात्र दोन मते दिसतात. मनूने नवव्या अध्यायात द्यूत आणि समाह्वय, म्हणजे निर्जीव फाशांचा जुगार आणि सजीव प्राण्यांवरची पैज, ही दोन्ही राज्यातून हद्दपार करावी असे सांगितले. कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठरलेल्या ठिकाणी व्हावा असे सांगितले, अन्यत्र खेळणारास बारा पणांचा दंड ठेवला, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारात घेतले. याज्ञवल्क्यानेही सभिक, म्हणजे जुगाराच्या अड्ड्याचा चालक, मान्य करून त्याच्याकडून राजाचा वाटा घेतला आहे. एक म्हणतो बंद करा, दुसरा म्हणतो डोळ्यांसमोर ठेवा. आजतागायत सर्व राज्ये या दोन मतांमध्येच हेलकावे खात आली आहेत.

परंतु दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत आहे: द्यूताला सभा लागते. ‘मृच्छकटिका’तील संवाहक दहा सुवर्ण हरून पळतो आणि ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठीवर असलेला माथुर आणि त्याचा जोडीदार तेथेच फासे टाकू लागतात, आणि तो आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. यात हसू येते. पण पाहावयाचे ते हे की, त्या जुगाऱ्यास पाठलाग करणारी माणसे होती, त्याची लाज पाहणारा रस्ता होता, आणि त्याचे ऋण फेडणारी वसंतसेनाही होती.

इंग्रजी अमदानीतील कायदाही याच पायावर उभा राहिला. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. नाव बदलून तोच महाराष्ट्रात राहिला. त्याचा सारा रोख जुगारगृहावर: घर कोणाचे, नफा कोण घेतो, साधने कोणती सापडली. केवळ कौशल्याच्या खेळास त्याने मोकळीक ठेवली. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागू लागल्या, आणि १९६० नंतर त्यांचा मटका झाला. आमच्या तरुणपणी आकडा घेणारा इसम कोठे उभा राहतो, हे सर्व गावास ठाऊक असे. तेथे जाणारा माणूस मान खाली घालून जाई आणि परतताना दहा जणांच्या दृष्टीस पडे. पोलिसांचे अर्धे काम ही लाजच करी.

त्याच वेळी सरकारने दुसरा हात कौटिल्याचा ठेवला होता. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांस १९१२ च्या कायद्याने परवाने मिळाले. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ साली निघाली. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा महाराष्ट्राने केला, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ साली रद्दही केला. शेजारच्या गोव्याने १९७६ चाच आपला जुगारबंदीचा कायदा पुढे दुरुस्त करून कॅसिनोंस वाट दिली, आणि मांडवीत जहाजे उभी राहिली. आंबोलीचा घाट उतरला की पाप बदलते असा याचा अर्थ नव्हे. राज्यघटनेने पैज व जुगार हा विषय राज्यांकडे दिला आहे, त्याचे हे फळ.

मोबाईल आला आणि हा सारा पाया खचला. ज्या खेळास घर नाही, त्याच्या घरावर छापा कोठे घालावा? शिवाय चालविणारे म्हणू लागले की, आमचा खेळ जुगारच नव्हे. या म्हणण्यास आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बक्षिसांच्या स्पर्धांचा निवाडा देताना कौशल्य आणि दैव यांत भेद केला. १९६७ साली रमी मुख्यत्वे कौशल्याची ठरली. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीसही तेच माप लागले. आणि खेळाडू निवडण्याच्या एका ऑनलाइन खेळास मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली कौशल्याचाच मानले. आमचा नातू खोटे बोलला नव्हता. न्यायालयांचा तर्कही आम्हांस चुकीचा वाटत नाही. परंतु शकुनीदेखील कुशलच होता. खेळणाऱ्याजवळ कौशल्य आहे की नाही, हा प्रश्न कायद्याचा. ते कौशल्य हरल्यावर उठून जाऊ देते की नाही, हा प्रश्न घराचा. तो आम्ही विचारलाच नाही.

सरकारनेही प्रथम कौटिल्याची वाट धरून पाहिली. एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन खेळांवर स्वनियमन करणाऱ्या संस्था असाव्यात असे नियम झाले. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ कर बसला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मनूचा मार्ग घेतला. २० तारखेस लोकसभेने, २१ तारखेस राज्यसभेने विधेयक संमत केले, आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. सुमारे ४५ कोटी लोकांस या खेळांची झळ पोचते आणि वर्षास वीस हजार कोटींवर रुपये बुडतात, असा अंदाज त्या वेळी सरकारने सांगितला. या कायद्याने कौशल्य व दैव हा भेदच बाजूस सारला: पैसे लावून पैसे मिळविण्याचा ऑनलाइन खेळ कोणताही असो, तो चालविण्यास मनाई. चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद वा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणारास दोन वर्षे वा पन्नास लक्ष, किंवा दोन्ही. आणि बँकांनी अशा खेळांचे पैसे पोचवावयाचे नाहीत. ज्यात पैशाची पैज नाही अशा स्पर्धात्मक आणि करमणुकीच्या खेळांस मात्र उत्तेजन. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ त्याच आठवड्यात थांबविले. काहींनी कायद्यास न्यायालयात आव्हानही दिले.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईल की, कायद्याने आता जागेचा शोध सोडून पैशाची वाट आणि जाहिरातीचे तोंड धरले आहे. आमच्या मते ही पकड योग्य ठिकाणी आहे. याविरुद्ध असे म्हणतात की, देशी दुकान बंद झाले म्हणजे गिऱ्हाईक परदेशी चोरवाटेने जाईल. हा आक्षेप पोकळ नव्हे. आमचा नातू तर देशी दुकान उघडे असतानाच त्या वाटेने गेला होता. पण तो तेथवर पोचला तो देशी दुकानाच्या पायरीवरूनच. पायरी काढली म्हणजे चोर थांबतील असे नाही. निदान भाबडे तरी थांबतील.

कायद्यातली आणखी एक गोष्ट आम्ही दादांस वाचून दाखविली: खेळणाऱ्यास शिक्षा नाही. ज्याचे नुकसान झाले त्यास कायदा गुन्हेगार मानीत नाही. दादा म्हणाले, “तुझ्या खात्यातून पैसे काढले, ती चोरी नव्हे काय?” आम्ही म्हणालो, “चोरीच. पण ज्याच्या घरची झाली त्याने ठरवावयाचे. मी किल्ली दिली, वर शाबासकी दिली.” दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याने सर्वांसमोर सांगू दे.”

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर मुलाने ओसरीवर सर्वांसमोर, बायकामुलांसमोर, सारे सांगितले. सांगताना त्याची जी अवस्था झाली ती कोणत्याही दंडाहून कमी नव्हती. मोबाईलमधून आमचे खाते काढले. आता आम्ही महिन्यास एकदा बँकेत जाऊन पैसे आणतो, आणि पासबुक देवघराच्या कोनाड्यात, कोणीही उघडून पाहावे असे ठेवतो. मुलगा लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करतो आणि दरमहा तीन हजार आजीच्या हाती देतो. हिशेब त्यानेच मांडला: बासष्ट हप्ते, म्हणजे पाच वर्षे आणि दोन महिने. तोवर आम्ही असू वा नसू. हप्ते चुकू नयेत, एवढेच आम्ही त्यास सांगितले आहे.

वडिलांच्या दुसऱ्या दंडकाचा अर्थ आम्हांस येथे लागला. पूर्वी द्यूताला सभा लागे. सभेत दुष्ट असत, पण साक्षीही असत. आता सभा खिशात आली, आणि साक्षी कोणी उरला नाही. मध्यरात्री पांघरुणात एकट्याने पेटलेल्या त्या लहानशा पडद्याजवळ कोणताही शिपाई पोचणार नाही. तेथे पोचू शकते ते घरच, आणि तेही रागे भरण्यास नव्हे, तर विचारण्यास: बाळ, इतक्या रात्री जागा का? हा प्रश्न त्या तीन महिन्यांत आमच्या घरातील दहा जणांपैकी एकानेही विचारला नाही.

ऑक्टोबरात कोजागिरी आली. यंदा पट काढावा की नाही, असा विचार आमच्या मनात घोळत होता. दादाही काही बोलत नव्हते. संध्याकाळी मुलगाच येऊन दारात उभा राहिला. “अण्णाआजोबा, पट काढू का?” त्याने विचारले. आम्ही दादांकडे पाहिले. दादांनी मान हलविली.

“काढ,” आम्ही म्हणालो, “चिंचोके मोजून घे, आणि आधी ओसरीवरचा दिवा लाव.”