द्राक्षांचे नारायणगाव

मरोळ नाक्यावरून मेट्रोने घाटकोपर, लोकलने कल्याण आणि तेथून एस.टी.ने मुरबाड, माळशेज घाट, ओतूर. घाट चढला की जुन्नर तालुका. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव याच तालुक्यात. तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण शॅम्पेनच्या पद्धतीची वाइनही येथेच तयार झाली.

1980च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी हा उद्योग उभारला. वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, बाटल्या तोंडाकडे कलत्या ठेवून रोज थोड्या फिरवायच्या, मानेत उतरलेला गाळ गोठवून बाहेर काढायचा. ‘ओमर खय्याम’ नावाने हा माल परदेशी गेला. पुढे कंपनी कर्जात बुडाली. द्राक्षमळे मात्र तालुक्यात आजही आहेत.

एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, मग घडांची विरळणी. मांडवाखाली मान वर करून दिवसभर हात चालवायचे. हे काम कितीतरी आयाबहिणी रोजंदारीवर करतात. जानेवारी ते मार्च तोडणी असते, तेव्हा मळेवाल्याला विचारून मुलांना हे जरूर दाखवावे.

वाइनच्या गावी मुलांना न्यावे का, असे कोणी विचारील. द्राक्षाशी आपले भांडण नाही. मात्र जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असे सांगणारे बरेच निघाले. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेले पेय दारू नव्हे तर काय? पाचवे शील घेणाऱ्या घराला हे शिकवायला नको. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईला तर नकोच.

तेथून जुन्नर पंधरा किलोमीटर. कोंडिविट्याची लेणी आपल्या उशाशी आहेत, पण येथे डोंगरामागून डोंगर कोरलेले! चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदविली, असे शिलालेख सांगतात. त्या काळी इटलीची वाइन भडोच बंदरात उतरत असे. हे परके दाते मात्र येथे अन्नपाण्याची सोय करून गेले. बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचीही नोंद आहे. हातावर पोट असलेल्या कारागिरांवर केवढा तो विश्वास!

लेण्याद्रीचे सातवे लेणे मुळात भिक्खूंचा विहार. आज तेथे गिरिजात्मज गणपती आहे. शेजारचे सहावे लेणे, चैत्यगृह, चुकवू नये. पायऱ्या सुमारे तीनशे आहेत, म्हाताऱ्या माणसांनी ऊन चढण्याआधीच निघावे.