खोली सोडल्यानंतरचे दहा तास

प्रिय ताई,

तू पाठवलेला मुंबईचा कार्यक्रम वाचला. आधीचे दिवस छान आखलेत, त्यात मी नाक खुपसत नाही. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र लिहायलाच हवं. सकाळी अकराला हॉटेल सोडायचं, रात्री नऊनंतर सीएसएमटीहून देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि मधल्या वेळात ‘राहिलेलं उरकायचं’, असं भाऊजींनी लिहिलंय. पुढे घारापुरी, राणीची बाग, क्रॉफर्ड मार्केट, ‘जमल्यास जुहू’ अशी माळ आहे. माझं म्हणणं असं, की हा दिवस उरलासुरला म्हणून धरला की हमखास फसतो. त्या दिवशी एक मोठी गोष्ट बदललेली असते आणि बेत आखणारे नेमकी तीच विसरतात: तुमच्याकडे खोली नसते. आदल्या रात्रीपर्यंत पाय दुखले तर आडवं व्हायला, पोरांचे भिजलेले कपडे बदलायला, सासूबाईंना गोळी घेऊन पडायला, कुणाचं पोट बिघडलं तर धावत सुटायला एक हक्काचं दार होतं. अकरानंतर ते बंद. पुढचे दहा तास सगळा संसार रस्त्यावर. म्हणून त्या दिवसाचा बेत ‘काय पाहायचं’ यापेक्षा ‘कुठे बसायचं’ या प्रश्नावर आखावा. यात काही गमावलं असं मला वाटत नाही. उलट मुंबई खऱ्या अर्थानं कळते ती याच दिवशी.

भाऊजींचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय: एवढ्या लांबून यायचं, एवढा खर्च करायचा आणि शेवटचा दिवस बसून काढायचा? आधी साधा हिशेब करू. घारापुरीला गेटवेहून लाँचनं जायलाच तासभर लागतो, यायला तेवढाच. वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या घरात पायऱ्या. तिकिटाची रांग आणि लाँच भरेपर्यंतची वाट धरली की अख्खा दिवस तिथेच संपतो. सोमवारी लेणी बंदच असतात, आणि समुद्राच्या मनात नसेल तर लाँच सुटत नाही. ज्या दिवशी रात्रीची गाडी चुकवून चालणार नाही, त्या दिवशी आपल्या हातात नसलेल्या इतक्या गोष्टींवर भिस्त ठेवणं शहाणपणाचं नाही. घारापुरी आधीच्या एखाद्या दिवशी घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवा. दुसरं असं, की मुंबईत ‘राहिलेलं’ कधी संपतच नाही. तिथे जन्म काढलेल्या माणसाचंही निम्मं शहर पाहायचं राहिलेलं असतं. शिवाय ते धावपळीनं उरकल्यानं समाधान मिळतंच असंही नाही. नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली होती. सुट्टीला जाऊन आलेले आणि घरीच राहिलेले, यांच्या समाधानात परतल्यावर काही फरक उरत नाही, असं त्यात दिसलं. अपवाद होता तो ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा, आणि त्यांचंही समाधान थोडेच आठवडे टिकलं. परदेशातली एक पाहणी परभणीच्या तुमच्या कुटुंबाला जशीच्या तशी लागू पडेल असं नाही, पण दगदगीनं घरी आनंद येत नाही एवढं सांगायला ती पुरते.

आता मुंबई त्याच दिवशी कळते, असं का म्हणते ते सांगते. खोली असते तेव्हा शहर आपल्यासमोर चित्रासारखं असतं. पाहिलं, फोटो काढला, परत फिरलो. खोली सुटली की आपण शहराकडे काहीतरी मागू लागतो: सावली, टेकायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छ संडास. ही मागणी शहर कशी पुरवतं यावर त्याची खरी श्रीमंती ठरते, कारण या गोष्टी पैसे न मोजता मिळाल्या तरच सगळ्यांच्या असतात. मुंबईचं नशीब असं, की सीएसएमटीच्या आसपास अशी जागा अजून शिल्लक आहे, आणि ती चक्क तोफांच्या कृपेनं मिळालेली आहे. मुंबईच्या जुन्या कोटाच्या तटावरून मारा करताना शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडले गेले. मोकळ्या जमिनीवर रस्ते आणि इमारती आल्या, तरी तिचे काही तुकडे वाचले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच एका पटांगणाची लेकरं. माणशी दहा-बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि मुंबईकराच्या वाट्याला जेमतेम एक-सव्वा येते. म्हणजे तुम्ही ओव्हलच्या कडेला झाडाखाली बसाल, तेव्हा या शहरातल्या सगळ्यांत दुर्मीळ वस्तूचा उपभोग घेत असाल.

म्हणून माझा बेत असा. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगांना कुलूप हवं आणि तिकीट जवळ हवं, एवढं लक्षात ठेव. मग स्टेशनातून लगेच बाहेर पडू नका. १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांनी पुरी झालेली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सनं आखलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. लोक तिचा फोटो समोरच्या रस्त्यावरून काढतात आणि जवळचं पाहायचं सोडून देतात. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर माकडं, मोर, पानं, वेली कोरल्या आहेत. त्यांत जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पोरांना हे प्राणी मोजायला लावलंस तर अर्धा तास तुला कुणी हाक मारणार नाही. खरेदी करायचीच असेल तर क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटांवर. तिथे आत शिरण्याआधी दारावरच्या कमानीकडे मान वर करून बघ. १८६९च्या या मंडईवर लॉकवुड किपलिंगनं राबणारे शेतकरी कोरले आहेत. ज्यांच्या मालावर बाजार चालतो त्यांना दाराच्या वर बसवणारी दुसरी इमारत मला तरी ठाऊक नाही. दुपार ओव्हलवर काढा. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, समोरच्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. म्हणजे जागतिक वारसा पाहायचा आणि पाठही टेकायची, हे एकाच जागी जमतं. ऊन उतरलं की चर्चगेटवरून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जा. साडेतीन किलोमीटरच्या आसपासचं इतकं लांब बाकडं, तेही फुकट, देशात दुसरीकडे मिळणं कठीण. तिथून टॅक्सीनं आठपर्यंत स्टेशनात.

दुसरा आक्षेप घरातल्या सगळ्याच सुनांचा असेल: हे सगळं ठीक, पण बाथरूमचं काय? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. मुंबईत पिण्याच्या पाण्याचा विचार दानशूरांनी फार आधी केला. कावसजी जहांगीर रेडीमनींनी एकोणिसाव्या शतकात शहरात चाळीस पाणपोया बांधून दिल्या. मस्जिद बंदरजवळ भात बाजारात केशवजी नायकांच्या नावाची १८७६ची नक्षीदार पाणपोई आजही आहे. बायकांच्या मुतारीसाठी मात्र असा दाता पुढे आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. २०११ साली मुंबईतल्या संस्था-संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली, ती याच कारणासाठी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा प्रकार त्यांनी चव्हाट्यावर आणला. दाराशी टेबल टाकून बसलेला माणूस बाईकडून नाणं घेतो, आणि शेजारच्या दारातून पुरुष त्याच्याकडे न बघता आत जातो, हे दृश्य तू परभणीतही पाहिलेलं आहेस. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आलं. मुंबईत बाईला बाहेर पडताना कारण दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळायचा हक्क तिला नाही, असं ते सांगतं. तेव्हा व्यवहाराचं उत्तर एवढंच: स्टेशन सोडण्याआधी, मैदानाकडे जाताना दुपारच्या जेवणाच्या हॉटेलात आणि चर्चगेट स्टेशनात, असे तीन थांबे आधीच धरून ठेव. आणि हे काम तू एकटीनं डोक्यात वागवू नकोस. कार्यक्रमाच्या कागदावर भाऊजींच्या हातानं लिहून घे. घरच्या सहलीत संडास, पाणी, औषधं आणि डबे ही बाईची जबाबदारी आणि तिकिटं पुरुषाची, ही वाटणी शेवटच्या दिवशी सगळ्यांत जास्त टोचते.

यावर कुणी म्हणेल, मग मॉल काय वाईट? गारवा आहे, स्वच्छ बाथरूम आहे, पोरांना सरकते जिने. खरं आहे, आणि सासूबाईंना उन्हाचा त्रास झाला तर तासभर मॉलमध्ये जरूर बसा. पण मॉलमधलं बसणं गिऱ्हाइकाचं असतं. खिसा हलका दिसला की रखवालदाराची नजर बदलते. शिवाय मुंबईतले काही मॉल ज्या जमिनीवर आहेत तिची हकीकत पोरांना सांगण्याजोगी आहे. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे सांगितले होते: एक बागा-मैदानांना, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली तो बदल कायम ठेवला. गिरणगावाला नवी ओव्हल मैदानं मिळायची संधी त्यात गेली. मॉलमध्ये बसण्यात पाप नाही, पण फुकट बसता आलं असतं अशा जागेचं भाडं आपण तिथे कॉफीच्या रूपानं भरतो, हे ठाऊक असावं.

तिसरा मार्ग म्हणजे पैसे टाकून खोलीच रात्रीपर्यंत ठेवणं, किंवा स्टेशनातली रिटायरिंग रूम घेणं. सासूबाईंचे गुडघे पाहता हा मार्ग मी मोडीत काढत नाही. परवडत असेल तर त्यांच्यासाठी आणि धाकट्यासाठी तो घ्याच. माझा मुद्दा त्यानं पडत नाही, उलट ठळक होतो तो असा, की खोलीचे पैसे नसलेली माणसं या शहरात रोज येतात. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फूटपाथवर अंथरूण टाकलेली कुटुंबं बाहेरगावचीच असतात, आणि त्यांचे दिवस सुट्टीचे नसतात. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा अशांना आसरा देते, पण तिला पुरं पडणं शक्य नाही. मनात आणलं तर शहराला हे जमत नाही असंही नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीला लाखो लोक येतात, त्यात आपल्या मराठवाड्यातले किती तरी. तेव्हा हीच महापालिका शिवाजी पार्कवर मांडव घालते, नळ बसवते, फिरते संडास उभे करते. म्हणजे खोली नसलेल्या पाहुण्याची सोय कशी करायची हे मुंबईला नीट माहीत आहे. ते वर्षातून मोजके दिवस आठवतं, एवढीच तक्रार.

‘सुट्टीत ही शहराची तपासणी कशाला?’ असंही भाऊजी म्हणतील. तपासणी म्हणून कुणी जाऊच नये. ओव्हलवर पोरं धावतील, तुम्ही शेंगा खाल, मोठी माणसं पेंगतील. वरून कुणाला समाजशास्त्राचा धडा देण्याची गरज नाही. पण परभणीला उतरल्यावर सगळ्यांकडे एक माप आलेलं असेल. गंगाखेड, पाथरी, जिंतूरहून जिल्हा रुग्णालयात, कोर्टात, कलेक्टर कचेरीत आलेला माणूस काम होईपर्यंत कुठे बसतो, त्याच्या बायकोला कुठे जावं लागतं, हे त्यांना दिसू लागेल, कारण तो माणूस तुमच्या गावात नेमका तुमच्या शेवटच्या दिवसातून जात असतो. आपल्यासाठी ते दहा तास होते, त्याच्यासाठी दर तारखेला असतात. तेव्हा भाऊजींशी वाद घालू नकोस. त्यांच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकच रकाना वाढव: ‘आई इथे कुठे बसणार?’ ज्या नावापुढे उत्तर येणार नाही, ते त्यांनी स्वतःच खोडावं.

सासूबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी