वजूच्या पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला संशोधन प्रकल्प करावा लागतो. पर्यावरणशास्त्राच्या आमच्या वर्गात बहुतेकांनी शाश्वत विकासच घेतला, कारण साचा तयार आहे. पहिल्या प्रकरणात 1987 च्या ब्रंटलंड अहवालातली व्याख्या, दुसऱ्यात संयुक्त राष्ट्रांची 17 उद्दिष्टं, मग प्रश्नावली, टक्केवारी आणि शिफारसी. मी विषय दिला : सेलूतल्या मशिदींमध्ये वजूला लागणारं पाणी.

मार्गदर्शक सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विषय चांगला आहे. तुम्हाला अडचण तर होणार नाही ना?”

अडचण कोणती, ते दोघांनाही कळत होतं. मशिदीत इतकं पाणी वाया जातं असा आकडा एकदा कागदावर आला की तो कोण, कुठे, कशासाठी फिरवेल याचा भरवसा नाही. मोहल्ल्यातून उलटा सवाल येणार तो वेगळाच. पाणी काय फक्त आपणच सांडतो? मंगल कार्यालयं, गाड्या धुणारी दुकानं यांचं कोण मोजतंय?

सवाल रास्त आहे, आणि त्यांचंही मोजायला हवं. पण आपला हिशेब आपण ठेवला नाही, तर दुसरा कुणीतरी अंदाजाने ठेवतो आणि मग तोच खरा मानला जातो. शिवाय मोजणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वजू आणि एक साअ पाण्यात गुस्ल करत, असं सही हदीसमध्ये आलं आहे. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. आजच्या मापात साधारण पाऊण लिटर, हनफी हिशेबाने थोडं जास्त. चार मुदांचा एक साअ. ज्या दीनने वजूचं माप सांगितलं, त्याच्या मशिदीत मोजपट्टी नेण्याला संकोच कशाचा?

आमच्या भागात तर ही गरजच आहे. सेलूच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. त्यात पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, म्हणजे मोजकंच. दुधना नदी आणि निम्न दुधना धरण जवळ असलं, तरी धरण भरणं पावसाच्या हाती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या खेपेत 10 वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचलं होतं. एका वजूमागे एक लिटर वाचलं आणि रोज पाच वेळा शंभर माणसं आली, तर एका मशिदीत दिवसाला 500 लिटर होतात. हजार दिवसांत तेवढी एक गाडी भरते.

पुरुषांच्या वजूखान्यात मी जाऊ शकत नाही, म्हणून मोजणी भाईजानकडे. जमातीआधी आणि नंतर टाकीत काठी सोडायची, पाणी किती उतरलं ते पाहायचं, तळाच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि वजू करणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. मोजताना मोटर बंद हवी. त्याच टाकीवर मुताऱ्यांचे नळ असतील तर ते पाणी वेगळं काढायला हवं. सर अशाच बारकाव्यांवर बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे. विषय नाजूक असेल तर आकडा पक्का लागतो.

अम्मीला हे सगळं गमतीचं वाटतं. “पानी नापने कू कॉलेज जाना पडता क्या?” ती विचारते. ती लोट्याने वजू करते. लोटा रिकामा होतो तेव्हा तिचे पाय धुऊन झालेले असतात. नळ येतो त्या दिवशी घरातलं पाणी तीच भरते, त्यामुळे लोट्यात किती मावतं हे तिच्या हातालाच माहीत आहे. मशिदीत मात्र डोक्याचा मसह चालू असतानाही नळ वाहत असतो. ते पाणी भरण्याचे कष्ट तिथल्या कुणाच्याच हाताला पडलेले नसतात. शाश्वततेच्या पुस्तकांत हा फरक मला अजून सापडलेला नाही. माझ्या प्रबंधात त्याला एक प्रकरण मिळेल.

वजूचं सांडपाणी साबणाविना वाहतं. हनफी फिकहमध्ये हे मुस्तअमल पाणी पाक असतं. फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. झाडांना घालायला हरकत नाही. म्हणजे अंगणात चार कडुनिंब आणि तोट्यांवर आपोआप बंद होणारे नळ, एवढ्या साध्या शिफारशीला दीन आणि विज्ञान दोघांचीही मंजुरी आहे.

मोजणी पूर्ण झाली की प्रबंधाची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाईल. त्यातलं एक पान मला उर्दू आणि मराठीत लिहून काढायचं आहे. ते मशिदीच्या फलकावर लागावं, नमाजच्या वेळांच्या शेजारी.