दोन वर्षांचा व्हिसा आणि वीस वर्षांचं यंत्र

आखातातल्या मराठी माणसाच्या घरी कधी पाहुणे म्हणून आलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. घरातली एकही वस्तू टिकाऊ नसते. सोफा आधीच्या भाडेकरूकडून घेतलेला, पलंग डुबिझलवरून (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची इथली साईट), आणि कपाट असं की घर बदलताना एकदा उचललं की खिळखिळं. कारण सरळ आहे, आमच्यासारख्या नोकरदारांचा व्हिसा दोन वर्षांचा. तो नवा होत राहतो, माणसं वीस-वीस वर्षं राहतात, मुलांच्या शाळा इथेच संपतात, पण खरेदीचा हिशोब मात्र कायम दोन वर्षांचाच. "आता कशाला, जायचंच आहे की परत!" हे वाक्य आमच्या घरात गेली चौदा वर्षं चालू आहे.

त्यामुळे हॉटेलात असतं तसं दणकट कॉफीचं यंत्र घरी घ्यावं, असं मी म्हटलं तेव्हा विषय कॉफीचा राहिलाच नाही. पण ते पुढे.

आधी गरज सांगतो. आम्ही राहतो शारजात, माझी नोकरी जबल अलीला. अंतर पन्नासेक किलोमीटर. शारजापर्यंत मेट्रो नाही, आणि सकाळी निघायला जरा उशीर झाला की अल इत्तिहाद रोडवर नुसतं बसून राहायचं. म्हणून साडेचारला उठायचं आणि थर्मास भरून पाचला घर सोडायचं. चहा करायचा तर भांड्यापाशी उभं राहावं लागतं. ड्रिपच्या यंत्रात पाणी आणि पूड घातली, बटण दाबलं की आंघोळीला मोकळे. आपल्या मद्राशी फिल्टरला वीज जोडली तर काय होईल, तेच हे यंत्र. टाकीतलं गार पाणी एका बारीक नळीत उतरतं, नळीला चिकटून कॉइल असते, पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात आणि ते कागदातल्या पुडीवर ठिबकतं. पंप नाही, मोटर नाही. हिला वरून जायफळ किसून लागतं. कट्टर कॉफीवाल्यांनी या वाक्याकडे दुर्लक्ष करावं.

तर अशी शंभरेक दिरहमची तीन यंत्रं सहा वर्षांत आमच्याकडे गेली. कंपन्यांची नावं घेत नाही, तिघी सारख्याच. तिसरं गेलं तेव्हा मी ते उघडलं. (मी मेंटेनन्समधला माणूस. बंद पडलेलं काही न उघडता फेकणं मला जमत नाही.) उघडायलाच अर्धा तास लागला, कारण तळाचे स्क्रू असे की घट्ट होतात, पण सैल करायला साधा पाना चालत नाही. आत बिघडलं होतं काय? थर्मल फ्यूज. कॉइल अति तापली तर वितळून वीज तोडणारा, काही नाण्यांच्या किमतीचा भाग. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं, तर त्याने हातसुद्धा लावला नाही. "साब, इसका पार्ट नहीं आता. नया ले लो, सस्ता पडेगा."

टिकाऊ म्हणजे जाडजूड, अशी आपली समजूत असते. माझ्या लेखी टिकाऊ म्हणजे जे उघडता येतं आणि ज्याचे भाग सुटे मिळतात. कमर्शियल यंत्राकडे वळलो ते एवढ्यासाठीच.

पहिला विचार अमेरिकन यंत्रांचा. तिकडच्या उपाहारगृहांत ती वर्षानुवर्षं चालतात. पण ती १२० व्होल्टची, इथे २३०. तशीच लावली तर कॉइल जवळजवळ पावणेचारपट वीज ओढेल आणि पहिल्याच सकाळी राम म्हणेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो यंत्रापेक्षा जड. शिवाय त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत पाण्याची टाकी दिवसरात्र तापवून ठेवतात. कॅफेत ठीक आहे. आमच्याकडे ऑगस्टात एसी चालू असताना स्वयंपाकघरात चोवीस तास गरम टाकी, म्हणजे तापवण्याचं बिल वेगळं आणि ती उष्णता बाहेर काढण्याचं वेगळं!

मग शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान तिथे विकायला असतं. एक स्टीलचं यंत्र फारच आवडलं होतं, पण ते थेट नळाला जोडायचं. आता इथल्या नळाची गंमत ऐका. पाणी बहुतेक समुद्राचं, क्षार काढलेलं, आणि टाकी गच्चीवर. उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळातून चटके देणारं पाणी येतं. म्हणून लोक गीझर बंद करतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी गरम नळातून घेतात. म्हणजे उन्हाळ्यात गरमचा नळ गार आणि गारचा गरम! पिण्यासाठी मोठ्या बाटल्या. त्यातून अशा यंत्रात पाण्याची पातळी ओळखायला कधीकधी एक सळई असते, ती पाण्यातून वीज वाहते का हे बघते. फारच शुद्ध पाणी तिला दिसतच नाही. आणखी एक, अनेक कंपन्या कमर्शियल यंत्र घरात वापरलं तर वॉरंटी देत नाहीत. बारीक अक्षरं वाचा.

शेवटी गाडी थांबली ती डच मोकामास्टरवर. टेक्निफॉर्म ही कंपनी १९६४ सालची. यंत्र नावापुरतं घरगुती, पण बांधणी अशी की प्रत्येक भाग सुटा मिळतो. कॉइल तांब्याची, वॉरंटी पाच वर्षांची, वीज साधारण दीड किलोवॉट. हा आकडा महत्त्वाचा. सव्वा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून चौऱ्याण्णववर न्यायला आठशे वॉटच्या यंत्राला कागदावरच साडेसात मिनिटं लागतात, याला चार. सगळं गळून होईपर्यंत सहा. पाणी ९२ ते ९६ अंशांवर पुडीवर पडतं, आणि चव तिथेच ठरते.

किंमत मात्र हजार दिरहमच्या वर. ही शाळेत शिकवते, हिशोबाला पक्की.

"अहो, ज्यांच्या देशात राहतो त्यांचं बघा," ही म्हणाली. "एक दल्ला, झालं."

खरं आहे. दल्ला म्हणजे अरबी कॉफीची लांब चोचीची किटली. इथल्या एका दिरहमच्या नाण्यावरही तीच आहे. २०१५ साली अरबी कॉफी युनेस्कोच्या वारशात गेली, आणि त्या किटलीत बिघडण्यासारखं काही नाहीच. पण पहाटे साडेचारला गहवा कोण रांधणार?

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "अगं, हे २३० व्होल्टचं आहे. भारतातही तेच, पन्नास हर्ट्झ. नुसती पिन बदलायची, नाशिकला तसंच चालेल."

ही थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "वीस वर्षं टिकेल म्हणता. त्यातली इथली किती आणि तिथली किती?"

याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. २०१९ पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा निघालाय, निवृत्तांसाठीही पाच वर्षांचा व्हिसा आहे, त्याच्या अटी मी वाचून ठेवल्यात हे तिला माहीत होतं. नाशिकच्या फ्लॅटला दर दिवाळीत जाऊन झाडू मारतो, हेही. दोन्ही गोष्टी आम्ही एकाच वेळी करतो आणि त्याबद्दल बोलत नाही. त्या रात्री बोललो, बराच वेळ. ठरलं काहीच नाही.

यंत्र मात्र घेतलं. काचेच्या जगाचं नाही, थर्मास-जगवालं. तापत्या तव्यावर कॉफी अर्ध्या तासात कडवट होते. युरोपात तर घरगुती यंत्रांचा हा तवा चाळीस मिनिटांत आपोआप बंद व्हावा असा नियमच आहे, २०१५ पासून. आठ महिने झाले, तक्रार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी क्षार धुवायची पूड घालून चालवतो, एवढंच.

कागद चार नंबरचे लागतात. इथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. नाशिकला मिळतात का, हे हिने मागच्या आठवड्यात बहिणीला फोन करून विचारलं.