पालिकेतले जोतीराव

चि. छोटीस,


तुझं पत्र पोचलं. नगरसेवक म्हणून निवडून आल्याबद्दल फोनवर बोललो होतो, पण पत्रात लिहिलंस ते फोनवर बोलली नव्हतीस. कालपर्यंत मोर्च्यात शेजारी बसणाऱ्या बायका आता तुला 'मॅडम' म्हणतात. आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत ऐनवेळचा विषय म्हणून स्वागतकमानीचा खर्च आला, 'मंजूर, मंजूर' झालं आणि तू माईक मागेपर्यंत पुढचा विषय पुकारला गेला. चळवळ सोडून या फंदात उगाच पडले का, असं विचारतेस.

तुझ्या मामाचा जन्म पालिकेच्या लेखा विभागात गेला. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून मला जोतीराव फुले आठवले. भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारे नव्हेत, पुणे नगरपालिकेतले. जयंतीच्या भाषणात त्यांच्या आयुष्याच्या या भागाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, तेही घाईघाईत.

1876 ते 1883 ते पालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारनं नेमलेले. मुलींची शाळा काढून तोवर पाव शतक उलटून गेलं होतं, घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून झाला होता, सत्यशोधक समाज उभा होता. नेमणूक सरकारची म्हटल्यावर मानही सरकारच्याच तालावर डोलवायची, ही तेव्हाची रीत. (आताची वेगळी आहे असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही.)

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला आणि शहर सजवायला हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव आला. हा लिटन कोण? 1876-77 च्या दुष्काळात दख्खनची माणसं अन्नावाचून मरत असताना दिल्लीत दरबार भरवणारा. 1878 मध्ये देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा. त्याच दुष्काळात जोतीरावांनी धनकवडीला पोरक्या, उपाशी पोरांसाठी बालाश्रम चालवला होता. एका पोराच्या पोटाला काय लागतं, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा हजार रुपयांची पताका-तोरणं म्हणजे नेमकं काय, हा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. करदात्यांचा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. मतं मोजली तेव्हा विरोधात ते एकटे. खर्च मंजूर झाला.

मला या प्रसंगातलं आवडतं ते त्यांचं धारिष्ट नव्हे. धारिष्ट त्यांच्याकडे आधीपासून होतंच. विषमतेवर आयुष्यभर लिहिणारा माणूस सभागृहात मात्र एका रकमेवर बोट ठेवून बोलला, ते मला मोलाचं वाटतं. ही नजर त्यांना धंद्यातून आली असावी. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. एस्टिमेट कुठे फुगतं आणि मजुराच्या हाती काय पडतं, हे त्यांनी साइटवर पाहिलं होतं. तू मोर्च्यात उत्तम बोलतेस, पण तुझ्या पत्रात कमानीचा आकडा कुठेच नाही. 'लाखो रुपये' हा आकडा नव्हे, बाई.

1880 मध्ये शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हाही त्यांनी पालिकेला पत्र लिहून अशीच विसंगती दाखवली. एकीकडे लोकांच्या आरोग्यासाठी खातं चालवायचं, आणि दुसरीकडे संसार धुळीला मिळवणारी दुकानं मुकाट्यानं वाढू द्यायची.

मंडईच्या बांधकामालाही त्यांचा विरोध होता. दगडी इमारतीआधी शिक्षणाकडे पैसा वळवा, हाच धोशा. तिथेही हरले. 1886 मध्ये रे मार्केट थाटात उघडलं, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! मागच्या खेपेला तिथून आपण वांगी घेतली होती. जोतीराव यावर बहुधा मोठ्यानं हसले असते, आणि मग शाळांचं काय झालं म्हणून विचारलं असतं.

अगं, तू म्हणतेस तसं त्यांनीही चळवळ की पालिका असं पाहिलं असतं, तर सभासदकीच्या त्याच वर्षांत शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे जाऊन खालच्या वर्गांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली नसती. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चाच. पालिकेत शिरले म्हणून लेखणी बोथट झाली नाही.

आणि पालिकेत गेलेला माणूस पैशाला लागतो म्हणून तुझ्या आईला भिवविणाऱ्या शेजाऱ्यांसाठी एवढंच : कंत्राटदारी आणि सभासदकी दोन्ही केलेल्या या माणसाला 1888 मध्ये अर्धांगवायू झाल्यावर घर चालवणं कठीण गेलं. 1890 मध्ये त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून त्यांच्यासाठी मदत मागितली. नगरसेवक झालं की दोन वर्षांत दारात गाडी येते, हा सिद्धांत तेव्हा निघाला नव्हता.

आता कामाचं. विरोध तोंडी केलास तर हवेत जातो. लेखी दे, पोच घे, आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायला येईल तेव्हा तुझा विरोध त्यात आला आहे का ते वाचूनच मान हलव. ऐनवेळच्या विषयांची यादी माग. देणार नाहीत, तरी माग. अंदाजपत्रकाची झेरॉक्स मला कुरियरनं पाठव, शिक्षणाची पानं आधी. पेन्सिलीनं खुणा करून आठवड्यात परत करतो. फोटो काढून पाठवू नकोस, मोबाईलवर मला आकडे दिसत नाहीत.

तुझा,
मामा