पाहिलेले आणि सांगितलेले

गेल्या रविवारी पुस्तकांचे कपाट आवरीत असता माझ्या पुतण्याने एक फाटके इंग्रजी पुस्तक दोन बोटांत धरून बाहेर काढले. “काका, हे रद्दीत टाकायचे ना?” मी नको म्हटले. तेव्हा त्याने आतले एक पान उलटून पाहिले आणि किंचित हसून म्हणाला, “दूरचित्रवाणीच्या मालिकेवरून केलेली कादंबरी! म्हणजे उष्टेच की हो!”

शब्द मला झोंबला. परंतु त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. असे का, ते पुढे येईलच.

‘डॉक्टर हू’ ही बी. बी. सी.ची विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. बाहेरून पोलिसांच्या टेलिफोनची लहानशी पेटी, आतून मात्र प्रशस्त यान. त्यात बसून काळातून आणि अवकाशातून भटकणारा एक विक्षिप्त वृद्ध, त्याची नात आणि दोन शिक्षक, एवढा तिचा सरंजाम. टेरी नेशन यांनी लिहिलेल्या सात भागांच्या दुसऱ्याच कथेत डॅलेक नावाचे, धातूच्या कवचात राहणारे क्रूर जीव अवतरले आणि मालिकेचा बोलबाला झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६४ साली, मालिकेचे कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी त्या कथेची कादंबरी केली. तिचे १९७३ सालचे पुनर्मुद्रण मला विद्यार्थिदशेत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर मिळाले. मालिका मी पाहिली नव्हती, आणि पाहावयास मिळेल अशी आशाही नव्हती. माझ्यापुरती ती कादंबरी हेच मूळ होते.

पुढे कित्येक वर्षांनी ते सात भाग पाहण्याचा योग आला, आणि या कामात किती अडचणी असतात ते तेव्हा कळले. पडद्यावर दार उघडते आणि प्रेक्षक आत पाहतो; कोण पाहतो आहे हा प्रश्नच निघत नाही. कादंबरीकाराला पहिल्याच ओळीत त्याचे उत्तर द्यावे लागते. व्हिटेकर यांनी सारी कथा इयन या शिक्षकाच्या तोंडी घातली. पडद्यावर जो चौघांपैकी एक होता, तो येथे ‘मी’ झाला. त्याची भीती आणि त्याचा संशय वाचकाचा झाला. मालिकेचा आरंभ असा की, दोन शिक्षक एका विलक्षण हुशार विद्यार्थिनीच्या मागोमाग जातात आणि भंगाराच्या आवारात त्यांना ती पेटी दिसते. व्हिटेकर यांनी तो आरंभ सोडला आणि बार्न्स कॉमनवरच्या दाट धुक्यात, एका मोटार अपघातापाशी, नवा आरंभ केला. मालिकेसाठी डॅलेकांची कवचे मोजून चार बनविली होती. गर्दी भासावी म्हणून मागे त्यांची पूर्णाकृती छायाचित्रे उभी करीत. कागदावर सुताराची मजुरी पडत नाही! कादंबरीत व्हिटेकर यांनी डॅलेकांचा एक पुढारी चक्क काचेच्या कवचात बसविला.

हरवले तेही थोडे नाही. डॅलेकांचा तो खरखरीत, यांत्रिक आवाज कोणत्या अक्षरांनी लिहिणार? परंतु जेथे आवाज संपतो तेथे मन सुरू होते. माल्कम हल्क यांनी १९७० सालच्या अशाच एका कथेची १९७४ साली कादंबरी केली, तेव्हा आरंभ मानवांपासून न करता, भूगर्भात दीर्घ निद्रेसाठी जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मनापासून केला. पडद्यावरचे राक्षस वाचकाला आप्तासारखे वाटू लागतात, ते त्यामुळे.

आणखी एक गोष्ट आहे. व्हिटेकर यांनी १९६५ साली धर्मयुद्धांवर चार भागांची कथा लिहिली आणि लवकरच स्वतःच तिची कादंबरी केली. त्या काळी चित्रफीत महाग असे. एकीवरचे पुसून तीवर दुसरे उतरवीत. परदेशी विकलेल्या प्रतीही मुदत सरल्यावर नष्ट करण्याचा प्रघात होता. त्या कथेचा पहिला भाग १९९९ साली न्यूझीलंडमध्ये सापडला. दुसऱ्या आणि चौथ्या भागांचा मात्र केवळ ध्वनी हाती लागला. ज्याला उष्टे म्हणावयाचे ते अखंड उरले, आणि ताट मात्र धुऊन गेले!

आता माझ्या अधिकाराविषयी. माझी आत्या वर्षाकाठी एखादा बोलपट पाहून येई आणि बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलता सोलता आम्हा मुलांना तो सांगे. तीन तासांचा बोलपट चार रात्री पुरे. एका पौराणिक बोलपटातल्या राणीच्या दासीला तिने नाव दिले होते, माहेर दिले होते, राणीला न सांगितलेले एक दुःख दिले होते. चौदाव्या वर्षी तो बोलपट मी स्वतः पाहिला. दासी एका प्रसंगात समई धरून उभी होती, इतकेच. घरी येऊन मी सर्वांदेखत ओरडलो, “आत्या, ती दासी बोलतसुद्धा नाही! तू सगळे खोटे सांगितलेस.”

“असेल रे बाबा,” ती हसून म्हणाली, “माझंच लक्ष नसेल.” आणि वाल सोलू लागली. त्यानंतर कोणी आग्रह केला की ती म्हणे, “तुम्हीच जाऊन बघा, मला आताशा नीट आठवत नाही.” तिने पुन्हा एकही बोलपट सांगितला नाही.

पुतण्याच्या हातून पुस्तक घेऊन मी ते परत फळीवर ठेवले. तो बोलपट आजही मिळतो. हवा तेव्हा पाहता येतो. त्या दासीचे नाव मात्र मला आठवत नाही, आणि विचारावे तर सांगणारे कोणी उरलेले नाही.